चाफ्याच्या घाटीत उजव्या अंगाने

एकसष्ट साली मी विम्याचा एजंट म्हणून मालवण ते कट्टा या रस्त्यावर सायकलवरून फिरत असे. माझं नाव गुरुदास आजगावकर. पण सगळे मला एजंट म्हणत आणि मी लांबून दिसलो की घरात जाऊन दार लोटून घेत. त्यांचं काही चूक नव्हतं. कुणाच्या ओटीवर बसलो की चहा येईपर्यंत मी पाऊसपाण्याचं बोलायचो, चहा आला की माणसाच्या आयुष्याचा भरवसा कसा नाही ते सुरू करायचो, आणि पेला रिकामा होईपर्यंत घरातल्या बाईच्या डोळ्यांत पाणी आणायचो. त्या पेल्यात कुणी दुसऱ्यांदा चहा ओतल्याचं मला आठवत नाही.

सायकल माझा अभिमान होता. तिला घंटी नव्हती, कारण घंटी वाजवत जाणं हे मला दूधवाल्याचं काम वाटे. पुढचा ब्रेक एका पावसाळ्यात गंजला, तो मी काढूनच टाकला. मागचा ब्रेक चांगला होता, पण दाबला की कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा केकाटायचा. गिऱ्हाइकाच्या दारात असा आवाज करत उतरणं बरं दिसत नाही, म्हणून मी त्याच्या रबरावर खोबरेल तेल सोडलं. आवाज बंद झाला. ब्रेकही बंद झाला, पण ते मी मनावर घेतलं नाही.

माझी बायको पद्मावती तेवढंच म्हणाली, “जगात रबराक तेल लावणारे तुमीच एकटे.”

मला ते कौतुक वाटलं.

मालवणहून कट्ट्याला जायचं तर सडा, म्हणजे जांभ्याचं पठार, चढावा लागतो. त्या चढावर एके ठिकाणी जांभा दगड फोडून रस्ता काढला आहे. दोन्ही बाजूंना दीड पुरुष उंचीच्या तांबड्या भिंती, मधे एक मोटार जाऊन बाजूला हात-दोन हात उरेल एवढी वाट, आणि नेमकं मधोमध वळण. वरच्या कडेला एक चाफा आहे म्हणून तिला चाफ्याची घाटी म्हणतात. कट्ट्याकडून येताना हा सगळा उतार. तिथे मी पायडल मारणं थांबवायचो, हँडल सोडून दोन्ही हात छातीवर बांधायचो आणि वळण पार होईपर्यंत तसाच जायचो. वय चौतीस. दोन मुलींचा बाप. स्वतःचा विमा उतरवलेला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी याच वळणावर गणपत नावाचा गाडीवान गेला होता. दिवेलागणीला तो गवताची बैलगाडी घेऊन घाटी उतरत होता. गाडीला कंदील नव्हता. मागून मोटार आली. ही हकीकत मी निदान शंभर ओट्यांवर सांगितली असेल. ‘गणपतने वेळेवर विमा उतरवला असता तर’ इथे मी थांबायचो आणि छपराच्या वाशांकडे बघायचो. कंदिलाबद्दल मात्र मी कधी कुणाला सांगितलं नाही. मी कंदील विकत नव्हतो.

शिमगा होऊन आठवडा झाला असेल. कट्ट्याला मुक्काम करून मी सकाळी मालवणला परतत होतो. त्या दिवशी कट्ट्याचा बाजार होता, त्यामुळे मालवणच्या मासेवाल्या बायका पाट्या डोक्यावर घेऊन घाटी चढत होत्या. मी हात छातीवर बांधून वळण घेतलं, आणि समोर चौघी जणी. एकीमागे एक नव्हे, खांद्याला खांदा लावून, बोलत. माना खाली.

मी ओरडलो, “बाजूक व्हा!”

कुठल्या बाजूला ते सांगायचं राहिलं. दोघी एका भिंतीकडे पळाल्या, एक दुसरीकडे. मधे उरली चंद्रावतीकाकी. पन्नाशी उलटलेली विधवा बाई, अंगाने काटक, कट्ट्याच्या बाजारात वीस वर्षं मासे विकणारी. ती माझ्या डावीकडे सरली, तिला चुकवायला मीही डावीकडे वळलो. ती उजवीकडे आली, मीही आलो. मग मी मागचा ब्रेक दाबला. त्याने अजिबात आवाज केला नाही.

मी बांगड्यांच्या ढिगात पडलो. कोपर खरचटलं, बाकी काही नाही. उठलो, आणि त्यानंतर मी जे केलं ते सांगायला आजही जड जातं. मी आधी सायकल उचलली. पुढचं चाक वाकून गेलं होतं. ते हाताने फिरवून बघत मी ‘अरे अरे’ करत होतो, तेव्हा मागून कुणीतरी विचारलं,

“एजंटानू, सायकल बरी आसा मां?”

चंद्रावतीकाकी रस्त्याच्या मधोमध बसली होती. तिचा डावा पाय गुडघ्याच्या खाली, जिथे वाकू नये तिथे, वाकला होता. ती ओरडत नव्हती. माझ्याकडे बघत होती, एवढंच. मी सायकल खाली ठेवली, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

इतक्यात तिची भावजय शेवंती अचानक वरच्या वळणाकडे धावत सुटली, मासे ओतून रिकामी केलेली पाटी डोक्यावरून फिरवत. मला कळेना हिला काय झालं. मग वळणावर चिऱ्यांनी भरलेला ट्रक दिसला. दिसला म्हणतो, कारण ऐकू काहीच आलं नव्हतं. चाकं किंचाळली, ट्रक आडवा-तिडवा झाला आणि चंद्रावतीकाकीपासून दोन हातांवर थांबला. ड्रायव्हर खाली उतरला. बाबली त्याचं नाव, तिशीचा, आडदांड.  त्याने आधी मला एक शिवी दिली, मग काकीला लहान मुलासारखं उचलून आपल्या शेजारी बसवलं, आणि मला मागे चिऱ्यांवर बसायला सांगितलं. सायकल घ्यायची का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

मालवणच्या दवाखान्यात पायाला प्लास्टर घातलं. तीन महिने पाय जमिनीला टेकायचा नाही, असं डॉक्टर म्हणाले.

घरी येऊन मी पद्मावतीला सगळं सांगितलं. सायकल आधी उचलली तेवढं गाळलं. पण माझ्या आधी मासेवाली येऊन गेली होती.

“उद्या तिच्याकडे जावा,” पद्मावती म्हणाली. “तांदूळ नी नारळ न्या. आणि थय बसून मरणाचा काय बोलू नका.”

दुसऱ्या दिवशी मी समुद्राकाठच्या तिच्या घरी गेलो. ती पडवीत चटईवर पाय लांब करून बसली होती, शेजारी शेवंती जाळं विणत होती. मी पिशवी खाली ठेवली, घसा साफ केला आणि म्हणालो, “काकी, माणसाच्या आयुष्याचा काय भरवसो...” सवयीने तोंडातून गेलं. शेवंतीने जाळं खाली ठेवून माझ्याकडे बघितलं.

“नारळ माज्या परड्यात पण आसत,” चंद्रावतीकाकी म्हणाली. “माका सांग, बाजारादिवशी माजी पाटी कट्ट्याक कोण नेतलो? शेवंतीच्या डोक्यार तिची पाटी आसा. तीन महिने मी गेलंय नाय तर माजी गिऱ्हायकां दुसऱ्याकडे जातली.”

“मी नेतंय. सायकलीवरून.”

“तुजी सायकल खंय आसा?”

सायकल दुरुस्तीला पडली होती आणि नवं चाक कोल्हापूरहून यायचं होतं. कालपर्यंत मी ‘तुमी’ होतो, आज ‘तू’ झालो होतो, हेही माझ्या ध्यानात आलं.  ती म्हणाली, “डोक्यार ने. बायलमाणसां नेतत, तुका काय झाला?”

अशा रीतीने पुढच्या बाजाराच्या दिवशी पहाटे मी कोट घरी खुंटीवर ठेवून, डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर बांगड्यांची पाटी घेऊन, सहा बायकांच्या मागे कट्ट्याच्या रस्त्याला लागलो.

माशाच्या पाटीबद्दल दोन गोष्टी मला ठाऊक नव्हत्या. एक म्हणजे ती गळते. पहिल्या मैलातच थंड खारट पाणी माझ्या मानेवरून सदऱ्यात उतरलं आणि नऊ मैल उतरतच राहिलं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पाटी डोक्यावर असली की मान वळत नाही आणि चढावर वर होत नाही. डोळ्यांपुढे दिसतो तो हातभर रस्ता आणि पुढच्या बाईच्या टाचा. गिऱ्हाइकांच्या घरांवरून जाताना ओट्यांवर हसणं ऐकू येत होतं. कोण हसतंय ते बघता येत नव्हतं, हा त्यातला फायदा.

घाटीत पोचलो. भिंतींमुळे वारा थांबला. बायका बोलत होत्या, मी धापा टाकत होतो. एकदम शेवंती ओरडली, आणि माझ्या हातभर रस्त्यात ट्रकचं चाक आलं. नुसतं चाक. आवाज नाही, हॉर्न नाही. कुठे पळायचं हे कळायच्या आत मी पळालो होतो, आणि पळालो तो चाकाच्याच बाजूला. मग उलटा फिरून भिंतीला पालीसारखा चिकटलो. ट्रकची फळी माझ्या पाठीवरून सदरा घासत गेली. पाटी गटारात, मी तिच्यावर.

ट्रक बाबलीचा होता. थांबलासुद्धा नाही. उतारावर तो गाडी न्यूट्रलमध्ये सोडायचा, डिझेल वाचवायला, म्हणून आवाज येत नसे.

शेवंती माझे बांगडे गोळा करू लागली.

“आज थोडक्यात वाचलंव,” मी म्हणालो. 

“रोज असाच आसता,” ती म्हणाली.

“रोज?”

“रोज. कधी मोटार, कधी ट्रक, कधी तुमी.”

तिने हे रागाने म्हटलं नव्हतं. पाऊस कधी पडतो ते सांगावं, तसं सांगितलं.  इतकी वर्षं त्या घाटीतून हात सोडून जाताना समोरच्या बायका मला बघतात आणि बाजूला होतात, असं मी धरून चाललो होतो. त्यांना मी दिसतच नव्हतो. दिसलं असेल तर माझं पुढचं चाक.

शहाण्या माणसाने इथून पुढे गप्प राहून काहीतरी केलं असतं. मी चार बाजार पाटी वाहिली, आणि पाचव्या बाजाराला भाषण केलं.

कट्ट्याच्या बाजारात एक रिकामी बैलगाडी उभी होती, तिच्यावर चढलो. मासे शेवंतीपाशी ठेवले होते. लोक जमले, कारण सदऱ्यावर माशांचे खवले चिकटलेला एजंट आता काय बोलतो याची त्यांना उत्सुकता होती. मी म्हणालो, रस्ता सगळ्यांचा आहे. मोटारवाल्यांनी हॉर्न वाजवावा, गाडीवानांनी झोपू नये, बायकांनी मधून चालू नये, सायकलवाल्यांनी (इथे लोक हसले) ब्रेक तपासावेत. बाबली ट्रकला टेकून शेंगा खात ऐकत होता. तो मोठ्याने म्हणाला, “पाय मोडूचो तुमी, नी शिकवूचा आमका!” लोक आणखी हसले. मला जोर चढला. माणसं हसायला लागली की त्यांना रडवायची माझी जुनी सवय. मी गणपतची हकीकत काढली. तीच, शंभर ओट्यांवर घोटलेली. दिवेलागण, गवताची गाडी, वळण. अगदी ‘असता तर’पाशी थांबून वर बघितलंसुद्धा. तिथे छप्पर नव्हतं, आभाळ होतं.

खाली बघितलं तर गर्दीतून एक बाई पुढे आली होती. डोक्यावरून पदर, हातात काजूंची लहान पिशवी.

“गणपत माजो घो,” ती म्हणाली.

 तिचं नाव रुक्मिणी, हे मला नंतर कळलं. शंभर घरांत मी तिच्या नवऱ्याला मारून आलो होतो आणि तिचं नाव मला ठाऊक नव्हतं.

“तेच्या गाडयेक कंदील नाय होतो,” ती म्हणाली. “ता सगळ्यांका दिसायचा. तेवा सांगूक कोण येवक नाय. आता माजो दीर तीच गाडी चालयता. तिका पण कंदील नाय.”

ती भांडत नव्हती. एवढं बोलून ती काजू घेऊन निघून गेली. मी गाडीवरून खाली उतरलो. उतरताना पाय दांडीत अडकून पडलो, पण त्या वेळी कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी मी चंद्रावतीकाकीच्या पडवीत जाऊन बसलो आणि घडलं ते सांगितलं, काही न गाळता. 

“भाषण करूक तुका कोणी सांगितला होता?” तिने विचारलं.

“कोणी नाय.”

“मगे? आधी रुक्मिणीच्या दिराकडे जा. कंदील घेवन जा. बांधून ये. बोलू नको.” मग ती म्हणाली, “आणि बायकांका एका बाजून चलाक लाव. पण सांगू नको. तू पयलो चल, त्यो मागसून येतले.”

“खंयच्या बाजून?”

यावर आमचा बराच वेळ गेला. मी डाव्या बाजूचा होतो, कारण सायकलवाले डावीकडून जातात. काकी म्हणाली, डावीकडून चाललं तर मोटार पाठीमागून येते, आणि पाटीवालीला पाठ नसते. उजव्या भिंतीला धरून चाललं तर येणारी मोटार तोंडासमोर येते, मागून येणारी पलीकडच्या अंगाने जाते. पण तोंडासमोरचं दिसायला मान वर हवी. मग शेवंतीने तोडगा काढला: सगळ्यांत पुढे चालणारीने पाटी अर्धी भरायची, उरलेले मासे बाकीच्यांनी वाटून घ्यायचे, आणि पुढचीने सारखं समोर बघायचं. मोटार दिसली की ओरडायचं. विम्याच्या सगळ्या छापील पुस्तकांत मी याहून उपयोगाचं काही वाचलेलं नव्हतं. पुढच्या बाजाराला शेवंती अर्धी पाटी घेऊन पुढे, मी तिच्या मागे उजव्या भिंतीला धरून निघालो, आणि महिनाभरात बाकीच्या बायकाही न सांगता त्या भिंतीला आल्या.

रुक्मिणीच्या दिराकडे मी कंदील घेऊन गेलो. तो दार लोटून घेणार होता, पण मी ओटीवर चढलोच नाही. गाडीच्या मागच्या दांडीला तार गुंडाळून कंदील बांधला आणि आलो. पुढच्या महिन्यात तशा सात गाड्यांना बांधले. आठव्याने घेतला नाही. म्हणाला, बैल बुजतात. त्याच्याशी मी वाद घातला आणि हरलो.

राहिला बाबली. तो वाईट नव्हता. काकीची चौकशी करायला दर आठवड्याला यायचा, येताना दवाखान्यातून गोळ्या आणायचा. पण गिअरचं नाव काढलं की म्हणायचा, “धा वर्षां चालयतंय. माज्या गाडयेखाली अजून कोंबडो गावलो नाय.”

एके दिवशी तो आला तेव्हा काकीने त्याला सरळ विचारलं, “बाबली, माजी पाटी घेवन ह्या घराक तीन फेरे मारशील?”

“तीन कित्याक? धा मारतंय.”

“नऊ मैल मी नेतंय. तू तीनच मार.”

शेवंतीने पाटीत ओली वाळू भरली आणि त्याच्या डोक्यावर ठेवली. बाबली हसत निघाला. मला आधीच सांगून ठेवलं होतं. माझी सायकल त्याच आठवड्यात दुरुस्त होऊन आली होती, नवं चाक, दोन नवे ब्रेक, घंटीसुद्धा. मी घराच्या मागच्या कोपऱ्याआड तिच्यावर बसून राहिलो. पहिला फेरा त्याने रुबाबात मारला. दुसऱ्या फेऱ्याला त्याचं हसणं थांबलं. तिसऱ्याला तो कोपऱ्याशी आला तेव्हा मी पायडल न मारता, घंटी न वाजवता, उतरत्या अंगणातून सायकल त्याच्यावर सोडली.

बाबली आधी डावीकडे उडाला, मग उजवीकडे, मग पाटीसकट जाळ्यांच्या ढिगात बसला. मी दोन्ही ब्रेक एकदम दाबले. नवे ब्रेक इतके चांगले असतात याची मला कल्पना नव्हती. सायकल जागच्या जागी थांबली आणि मी हँडलवरून उडून त्याच्या शेजारी जाऊन पडलो.

शेवंती हसून लोळत होती. बाबली हसला नाही. डोक्यावरची वाळू झटकायचंही त्याने केलं नाही.

“माका चाक दिसला,” तो म्हणाला. “फकत चाक.”

“माका पण,” मी म्हणालो.

“माजा?”

“तुजा.”

त्याने पाटी बाजूला काढून ठेवली. मग उठून काकीच्या प्लास्टरकडे बघत म्हणाला, “काकी, मी हॉर्न वाजयतलंय.” काकी म्हणाली, “गिअर पण घाल.”

घातला त्याने. रोज नाही, पण बहुतेक दिवस. विसरला की बायका बाजारात त्याला चारचौघांत सुनवायच्या. आणि जे कुणी सांगितलं नव्हतं ते त्याने केलं. मे महिन्यात, पाऊस सुरू व्हायच्या आधी, खाणीवरचे दोघे चिरे काढणारे घेऊन एका सुटीच्या दिवशी तो घाटीत आला, आणि उजव्या भिंतीत, चार-चार पावलांवर, माणूस पाटीसकट उभा राहील असे आठ कोनाडे खोदून घेतले. मापाला मला उभं केलं होतं. मी त्यातल्या त्यात जाड होतो. दिवसभर डोक्यावर पाटी घेऊन मी भिंतीला पाठ लावून उभा, आणि चिरे काढणारे माझ्याभोवती खडूने रेघ मारत होते.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते. गणपती झाल्यावर होड्या पुन्हा पाण्यात गेल्या, आणि चंद्रावतीकाकी सहा महिन्यांनी पहिल्यांदा बाजाराला निघाली. पाय जुळला होता, पण चालताना लचकत होती. पाटी लहान घेतली होती. आता माझी गरज नव्हती, तरी मी निघालो. खरं कारण असं, की मला स्वतःचा फार अभिमान वाटायला लागला होता. शिस्तीत, उजव्या भिंतीला धरून, आठ बायका एका ओळीत चाललेल्या बघितल्या की हे सगळं मी केलं असं मला वाटायचं.

घाटीत शिरलो. शेवंती पुढे, अर्धी पाटी घेऊन, मान वर, आणि तिच्या मागोमाग काकी. मी तिच्याही पुढे गेलो, आणि वळून, बायकांकडे तोंड करून उलटा चालू लागलो. काकीला सगळं समजावून सांगायचं होतं ना! कोनाडे कसे, ओळ कशी. “समोर बघणं हेच मुख्य,” मी म्हणत होतो, “जो समोर बघत नाय तो...”

शेवंती ओरडली. बायका एकेक करून भिंतीत नाहीशा झाल्या. माझ्यासमोरून ओळच गेली. मी जागच्या जागी उभा, बोलायचं वाक्य तोंडात, पाठ चढाकडे. पाठीमागून खडखडाट येत होता. घाटावरून आलेली, वाशांनी भरलेली लॉरी होती ती, ब्रेक गेलेली. ड्रायव्हर सारखा हॉर्न वाजवत होता. ते सगळं मला ऐकू येत होतं आणि तरी मी वळून बघत होतो, की हा आवाज कसला.

माझ्या सदऱ्याची कॉलर कुणीतरी मुठीत धरली आणि मला ओढलं. मी चंद्रावतीकाकीच्या कोनाड्यात, तिच्या पाटीखाली, तिच्या बऱ्या पायावर जाऊन पडलो. लॉरी आमच्यासमोरून गेली. वाशांची टोकं भिंतीवर घासत गेली आणि तांबडा चुरा आमच्या अंगावर पडला. खाली वळणावर ती भिंतीला भिडून थांबली. मग आवाज थांबला.

“मेल्या, उठ माज्या पायावरून,” काकी म्हणाली.

मी उठलो, आणि बायका मोजल्या. शेवंतीपासून सुरू करून, बोट दाखवत, लहान मुलासारखं मोठ्याने. आठ भरल्या. पुन्हा मोजल्या. पुन्हा आठ. मग मला हुंदका आला, आणि तो काही केल्या थांबेना. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या ओटीवर मी लोकांना रडवत होतो. रडणं असं पोटातून वर येतं हे मला ठाऊक नव्हतं. ज्या बाईचा पाय मी मोडला होता, ती आपल्या पदराने माझ्या डोक्यावरचा चुरा झटकत होती.

शेवंती आणि आणखी दोघी पाट्या खाली ठेवून लॉरीकडे धावल्या. ड्रायव्हरचं कपाळ फुटलं होतं, हात मोडला होता, पण तो जिवंत होता आणि सारखं एकच विचारत होता, “बायका होत्या ना? बायका कुठं गेल्या?” शेवंतीने लुगड्याची चिंधी फाडून त्याचं डोकं बांधलं आणि त्याला हाताला धरून वर आणलं, आठ जणी दाखवायला. थोड्या वेळाने वरून बाबलीचा ट्रक आला, गिअरमध्ये, हॉर्न वाजवत. त्याने लॉरी बघितली, कोनाड्यांकडे बघितलं, आणि ड्रायव्हरला उचलून आत बसवलं.

मी पुन्हा कोनाड्यात जाऊन बसलो होतो. 

“बाजार भरलो आसतलो,” काकी म्हणाली. “एजंटानू, येतास काय?”

तिला पाटी उचलून दिल्याशिवाय चालणार नव्हतं, म्हणून मी उठलो. तिची पाटी माझ्या डोक्यावर घेतली आणि ओळीत सगळ्यांत शेवटी, तिच्या मागे, भिंतीला धरून चालू लागलो. कट्ट्याला पोचायला उशीर झाला, पण बांगडा ताजा होता, दुपारच्या आत संपला. संध्याकाळी मालवणला परत येईपर्यंत मी तोंडातून एक अक्षर काढलं नाही. शेवंती म्हणते, तिच्या आठवणीत तेवढा एकच दिवस.